लाकडी कोरीवकामाची ओळख : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

गावोगावच्या जुन्या देवळांचा जीर्णोद्धार आणि जुन्या वाड्यांची मोडतोड सध्या ठिकठिकाणी चालू आहे. लाकडी सभामंडप उतरवून त्या जागी स्लॅबचा मंडप उभा राहतो. उतरवलेल्या तुळया, खांब व चौकटी काही दिवस आवारात रचून ठेवल्या जातात. पुढे त्यांतील किडके लाकूड जळणात जाते, चांगले लाकूड सुताराकडे जाते आणि नक्षीचे लाकूड जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते. शहरातील एखाद्या दिवाणखान्यात ते पोहोचले, की ते कोणत्या गावचे, कोणत्या दारावरचे आणि त्यावर कोरले आहे ते नेमके काय, हे सांगणारे कोणी उरत नाही. लाकडाचा तुकडा राहतो. त्याचा इतिहास मात्र गावातच सांडून गेलेला असतो.

राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या परिसरातील विंझर, मार्गासनी, वेल्हे अशा गावांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी. त्यामुळे या खोऱ्यात कोणतीही जुनी वस्तू दिसली, की ती शिवकालीन असली पाहिजे, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ही भावना आदरणीय आहे. परंतु भावना हा पुरावा होत नाही. मुलांचा अभिमान न दुखावता त्यांना पुराव्याची शिस्त कशी लावावी, हे शिक्षकापुढील खरे काम आहे. त्यासाठी उपयोगी पडेल असा एक पाठ येथे दिला आहे.

पाठाचे मर्म : तीन रकाने

अनोळखी कोरीवकाम समोर आले असता विद्यार्थ्यांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्याला ‘पाहिले’, दुसऱ्याला ‘ऐकले’ आणि तिसऱ्याला ‘तर्क’ असे शीर्षक द्यावे. डोळ्यांना दिसले, हाताला लागले व पट्टीने मोजले ते पहिल्या रकान्यात जाईल. लोकांनी सांगितले ते, सांगणाऱ्याच्या उल्लेखासह, दुसऱ्यात जाईल. या दोहोंवरून जे अनुमान निघेल ते तिसऱ्यात जाईल. एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, हा या पाठाचा एकमेव कडक नियम होय. वस्तूला नाव द्यायचे ते सर्वांत शेवटी. आधी नाव दिले, की पुढे डोळे त्या नावापुरतेच पाहू लागतात.

हा नियम मोडल्याने काय होते आणि पाळल्याने काय हाती लागते, याची दोन उदाहरणे शिक्षकांनी वर्गात सांगावीत.

आग्र्याची दारे

आग्र्याच्या किल्ल्यात एक थोरले लाकडी दार ठेवलेले आहे. त्याची उंची सुमारे साडेसोळा फूट, रुंदी साडेतेरा फूट आणि वजन सुमारे अर्धा टन आहे. १८४२ साली अफगाणिस्तानातील युद्धाच्या अखेरीस इंग्रजी फौजेने ते गझनी येथील सुलतान महमूदच्या कबरीवरून काढून हिंदुस्थानात आणले. गझनीच्या महमूदाने सोमनाथावर स्वारी करून देवळाची चंदनी दारे पळवून नेली, अशी समजूत होती. तेव्हाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी ती खरी मानली, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या अपमानाचे परिमार्जन झाले, असा जाहीरनामा काढून दारांची मिरवणूक काढली. १८४३ साली या प्रकरणावर इंग्लंडच्या पार्लमेंटातही वादविवाद झाला.

पुढे दारांची पाहणी झाली तेव्हा निराळेच निघाले. लाकूड चंदनाचे नसून देवदाराचे होते. नक्षी भौमितिक होती. गुजरातेतील कोरीवकामाशी तिचे काहीच साम्य नव्हते. वर कोरलेला लेख अरबी होता. दार गझनीच्याच कारागिरांनी केलेले होते. सोमनाथाला ते कधी लागलेच नव्हते. मिरवणूक आग्र्यातच थांबली आणि दारे किल्ल्यात पडून राहिली.

येथे शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न विचारावा. चंदनाचे झाड कोणी पाहिले आहे काय, आणि ते केवढे असते? चंदन हे लहान चणीचे झाड. साडेसोळा फूट उंचीच्या दाराला लागणारी जाड, सरळ लाकडे त्यातून सहजी निघतील काय? रानात वावरणारी मुले हा प्रश्न चटकन सोडवतील. त्या वेळी कोणी हा साधा प्रश्न आधी विचारला असता, तर जाहीरनामा कदाचित निघालाच नसता. ‘ऐकले’ या रकान्यातील गोष्ट ‘पाहिले’ या रकान्यात लिहिली गेली, एवढीच ती चूक.

भाज्याच्या तुळया

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातीलच आहे. मावळात मळवली स्थानकाजवळ भाजे येथील लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाचे छत कमानदार असून त्याला आतून लाकडाच्या कमानदार तुळया लावलेल्या आहेत. खडकात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नसते. परंतु त्या काळच्या लाकडी इमारतींची घडण लेण्यातही हुबेहूब उतरवावी, अशी कारागिरांची रीत होती. म्हणूनच तेथील २७ अष्टकोनी खांबही लाकडी खांबांप्रमाणे आत किंचित कललेले आहेत. हे लाकूड मूळचे, की मागाहून बसवलेले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येई. दोन हजार वर्षे लाकूड टिकते, यावर सहसा विश्वास बसत नाही.

१९५० नंतरच्या दशकात या तुळयांवर दोन लहान ब्राह्मी लेख आढळले, आणि पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी ते प्रसिद्ध केले. अक्षरांच्या वळणावरून लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ठरतात. ज्या लाकडावर ती अक्षरे कोरली ते लाकूड त्याहून नवे असू शकत नाही. पाऊस, ऊन आणि ओल यांपासून खडकाने जपले म्हणून ते टिकले. कार्ल्याच्या चैत्यगृहातही स्तूपावरचे लाकडी छत्र असेच टिकून आहे.

या लेण्यांत वर्षानुवर्षे हजारो लोक येऊन गेले. छताकडे सर्वांनीच पाहिले असेल. परंतु अक्षरे दिसली ती तुळई न् तुळई बारकाईने न्याहाळणाऱ्याला. ‘पाहिले’ हा रकाना भरणे किती कष्टाचे आणि किती फलदायी आहे, हे यावरून ध्यानात येते.

लाकडाची साक्ष

कोरीव वस्तू हाती आल्यावर प्रथम नक्षीकडे न पाहता लाकडाकडे पाहावे. वाड्या-देवळांत साग अधिक आढळतो. त्याचा रंग सोनेरी-तपकिरी असतो, स्पर्श किंचित तेलकट लागतो आणि आडव्या छेदावर वर्षवलये दिसतात. शिसव काळपट व वजनाला जड असते. पांगारा हलका व मऊ असतो, म्हणून सावंतवाडीचे कारागीर तो खेळण्यांसाठी वापरीत आले आहेत. खात्री नसेल तेथे ‘साग असावा’ असे ‘तर्क’ या रकान्यात लिहावे. निश्चित निर्णयासाठी तज्ज्ञ लाकडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत अशा तुलनेसाठी लाकडाच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

त्यानंतर वस्तू उलटी करावी. पुढची बाजू कारागिराने लोकांसाठी केलेली असते. मागची बाजू त्याने स्वतःच्या सोयीने सोडलेली असते. म्हणून ती अधिक मोकळेपणाने बोलते. वाकसाचे टवके, हातकरवतीच्या कमीअधिक अंतराच्या सरळ रेषा, यांत्रिक गोल करवतीच्या कमानदार खुणा, लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा किंवा कारखान्यातील गोल तारेचा खिळा या सर्वांची नोंद करावी. मात्र हाताने तासलेले लाकूड म्हणजे शेकडो वर्षांचे लाकूड, असे समजू नये. खेड्यातील सुताराचा वाकस अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. खोबणी, भोके व खुंट्या यांवरून ती वस्तू कशाला जोडलेली होती ते कळते, आणि उगमाचा शोध लागण्याची सर्वांत अधिक शक्यता तेथेच असते.

काळ ठरवताना एक सावधगिरी बाळगावी. लाकूड तोडल्याचा काळ, त्यावर कोरल्याचा काळ आणि ते आजच्या इमारतीत बसवल्याचा काळ, हे तीन निरनिराळे असू शकतात. जुन्या वाड्याच्या तुळया उतरवून नव्या घराला वापरणे ही पूर्वापार चालत आलेली काटकसर आहे. किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षेतूनही लाकूड कधी वाढले तेवढेच समजते. पटाशी कधी चालली ते समजत नाही. नक्षीच्या वळणाचेही तसेच आहे. पुण्यातील विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे खांब पेशवाईतील लाकूडकामाचा उत्तम नमुना समजले जातात. तथापि असा खांब गावात आढळला म्हणून तो पेशवाईतलाच, असे होत नाही. ते वळण पेशवाईनंतरही सुतारांच्या हाती राहिले होते. उलट, त्याहून जुने लाकूडकाम थोडे का उरले, याचे कारण शनिवारवाड्याकडे पाहिल्यास कळते. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल जळून गेले आणि दगडी भाग तेवढा राहिला.

विषयाची ओळख

कोरलेली आकृती कोणाची, हे ठरवताना अंग, हात, हातातील वस्तू, वाहन व स्थान या पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात. एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. मोर दिसला म्हणून सरस्वती म्हणावी, तर कार्तिकेयाचे वाहनही मोरच आहे. कमळावर बसलेली स्त्री आणि दोन बाजूंनी पाणी घालणारे हत्ती दिसले, की मुले ‘राणी आणि तिचे हत्ती’ असे म्हणतात. ती गजलक्ष्मी होय. एका धडाला दोन माना असलेला पक्षी म्हणजे गंडभेरुंड. घोड्यावर बसलेला, हाती तलवार घेतलेला पुरुष व जवळ कुत्रा असेल, तर खंडोबाचा विचार करावा; नुसता घोडेस्वार असेल, तर ‘घोडेस्वार’ एवढेच लिहून थांबावे.

नमुना-पाठ

पुढील प्रसंग पाठाच्या सोयीसाठी कल्पिलेला आहे. विंझरसारखे एक गाव आहे. देवळाचा मंडप उतरवला आहे. लाकडांच्या ढिगात सुमारे दोन हात लांब व वीतभर रुंद अशी एक कोरीव फळी सापडली आहे. गाभाऱ्याची जुनी चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. पुजाऱ्यांची व पंचांची परवानगी घेऊन गुरुजींनी सहावीचा वर्ग देवळात आणला आहे. गावातील वयोवृद्ध आबाही तेथे आले आहेत.

फळीवर मधोमध एक मुखवटा आहे. डोळे बटबटीत आहेत, वरचे दात दिसतात आणि तोंडातून दोन्ही बाजूंना पानाफुलांच्या माळा निघाल्या आहेत. खाचांत शेंदूर साचला आहे.

“हे काय असेल?” असे गुरुजी विचारीत नाहीत. “काय काय दिसते?” असे विचारतात.

“डोळे, दात, माळा,” मुले सांगतात. एकजण म्हणतो, “गुरुजी, नरसिंह आहे!”

“नरसिंहाला हात असतात. येथे हात दिसतात का?”

“नाही. अंगच नाही.”

“खालचा जबडा?”

मुले वाकून पाहतात. “तोही नाही, गुरुजी!”

‘पाहिले’ या रकान्यात लिहिले जाते : तोंड आहे, धड, हात व खालचा जबडा नाही. मग गुरुजी कीर्तिमुखाची कथा सांगतात. जालंधराने राहूला शंकराकडे पाठवले. शंकराच्या क्रोधातून एक भुकेले भूत जन्मले व राहूला खायला धावले. राहू शरण आला तेव्हा शंकराने त्याला अभय दिले. आता मी काय खाऊ, असे त्या भुताने विचारताच शंकराने त्याला स्वतःलाच खाण्यास सांगितले. त्याने तसे केले, आणि शेवटी मुख तेवढे उरले. शंकराने प्रसन्न होऊन त्याला कीर्तिमुख हे नाव दिले व आपल्या दाराशी स्थान दिले. देवळांच्या उंबऱ्यांवर व तोरणांवर हे मुख म्हणूनच कोरतात. ‘तर्क’ या रकान्यात लिहिले जाते : विषय कीर्तिमुख, जागा बहुधा एखाद्या देवळाचे दार.

आबा मान हलवतात. “आमचा आजा सांगायचा, ही फळी राजांच्या वाड्यातली हाय म्हनून.”

गुरुजी आबांचे शब्द ‘ऐकले’ या रकान्यात, आबांच्या व त्यांच्या आजोबांच्या उल्लेखासह, जसेच्या तसे लिहून घेतात. मग मुले फळी अलगद उलटी करतात. मागे तीन खोबणी आहेत. त्यांच्यामधील अंतरे सारखी नाहीत. कागदाची लांब पट्टी लावून तिन्ही जागी पेन्सिलीने खुणा केल्या जातात. तीच पट्टी भिंतीला टेकवलेल्या चौकटीच्या वरच्या लाकडावर धरली जाते. तेथे दोन खुंट्या आहेत आणि तिसरीचे रिकामे भोक आहे. तिन्ही खुणा नेमक्या जुळतात. अंतरे सारखी असती, तर जुळण्याला फारसे मोल नव्हते. असमान अंतरे जुळली, म्हणून पुरावा बळकट झाला.

“म्हंजी माझ्या आज्यानं सांगितलेलं खोटं म्हनता व्हय, गुरुजी?”

“खोटे म्हणत नाही, आबा. आजोबांनी सांगितले ते वहीत तसेच लिहिले आहे. फळी या चौकटीवर बसत होती, एवढेच आज दिसले. चौकटीसह ती मुळात आणखी कुठून आली असेल, तर ते अजून कळलेले नाही. तुम्ही स्वतः ती कधी कुठे पाहिली होती?”

आबा विचार करतात. “मी ल्हान व्हतो तवा गाभाऱ्याच्या दारावरच व्हती की! दसऱ्याला आमी पोरं तिच्याखाली तोरन बांधायचो. पुढं एका पावसाळ्यात खुंट्या ढिल्या झाल्या, अन् काढून ठिवली.”

गुरुजी हे वाक्यही ‘ऐकले’ या रकान्यात लिहितात. पण त्यापुढे ‘सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले’ अशी खूण करतात. एकाच माणसाच्या बोलण्यात ऐकीव गोष्ट व पाहिलेली गोष्ट दोन्ही असतात. त्या निवडणे हे विचारणाऱ्याचे काम आहे. कागदाच्या पट्टीने जे सांगितले तेच आबांच्या आठवणीने सांगितले, आणि तर्काला दोन आधार मिळाले.

शेवटी मुले फळीसाठी चिठ्ठी लिहितात : “विषय : कीर्तिमुख. जागा : गाभाऱ्याच्या जुन्या दारावरील पट्टी. लाकूड : साग असावा. काळ : ठरलेला नाही. गावातील सांगी : शिवकालीन वाड्यातील.” या चिठ्ठीत ‘काळ : ठरलेला नाही’ हे शब्द लिहिताना मुलांना कमीपणा वाटू नये. ते शब्द लिहिता येणे हेच या पाठाचे यश आहे.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

१. देवस्थानाच्या वस्तूला पुजारी व पंच यांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. पूजेतील वस्तू असेल, तर दुरूनच रेखाटन करावे.

२. शेंदूर, तेल वा रंग खरवडू नये. त्याचे थरही पुरावाच असतात. वार्निश, रॉकेल किंवा नवा रंग लावू नये. ऊन, पाऊस व वाळवी यांपासून रक्षण करावे. वस्तू ओल्या जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी.

३. जागेवरून हलवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. हल्ली मोबाइलवर ते सहज घेता येते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. पुढून, मागून व कडेने, अशी निदान तीन छायाचित्रे असावीत. तारीख व ठिकाण त्याच दिवशी लिहावे.

४. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा केंद्रीय कायदा लागू होतो. त्या परदेशी नेण्यास मनाई आहे व त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. वस्तू विक्रीस निघाल्यास पंचांना याची कल्पना द्यावी.

५. शंका राहिल्यास टिपण व छायाचित्रे पुण्यातील डेक्कन कॉलेज, भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्य पुरातत्त्व खाते येथील जाणकारांना दाखवावीत. लाकूडकामाची तुलना करण्यासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय व विश्रामबागवाडा येथे वर्गाची सहल न्यावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा गावातील एका जुन्या दाराच्या चौकटीचे रेखाटन करा व तिच्याविषयी तीन रकाने भरा.

२. घरातील वडीलधाऱ्या माणसाला त्या चौकटीविषयी विचारा. त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, ते वेगळे लिहा.

३. आग्र्याच्या दारांच्या मिरवणुकीपूर्वी तुम्ही तेथे असता, तर कोणते तीन प्रश्न विचारले असते?

४. गावातील सुताराकडे जाऊन वाकस, करवत व पटाशी यांच्या खुणा कशा उमटतात ते पाहा व त्यांची चित्रे काढा.

भरलेल्या वह्या वर्षअखेर रद्दीत टाकू नयेत. त्या शाळेच्या कपाटात क्रमाने लावून ठेवाव्यात. आजची चौकट उद्या जागेवर नसेल. तेव्हा ती कोठे होती आणि कशी होती, हे सांगणारा कागद गावात कोठे तरी असला पाहिजे.